निळीची बातमी

"मेली," कृष्णाजींनी रांजणातून हात वर काढला आणि नाकाशी धरला. "अनुसूया, इकडं ये. बघ वास."

अनुसूया देवघरापुढं गोपद्मं काढत होती. हातातली रांगोळीची चिमूट तशीच धरून ती दारापर्यंत आली. नेम अर्धा टाकून निळीच्या खोलीत पाऊल कसं घालायचं? पण आत जायची गरजच नव्हती, वास उंबऱ्यापर्यंत आला होता. रोजचा आंबूस, ओळखीचा वास नव्हे. कुजका. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या त्या रांजणावर रोज तांब्याच्या रंगाचा फेस फुलायचा. आज तिथं मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखं पांढरट पाणी साचलं होतं.

"चुना जास्त पडला काय, भावजी?"

"चुना नाही, गूळ नाही. टाकळ्याचं बी पण काल ताजं कढवून घातलंय. सगळं करून बघितलं. आता एकच राहिलंय."

ते एकच कोणतं, हे अनुसूयेला माहीत होतं. लग्न होऊन या घरात आली तेव्हा पहिल्याच वर्षी तिनं ते पाहिलं होतं. नीळ जिती असते, ती रुसते, बिघडते, मरते, असं रंगारी मानतात. औषध चालेनासं झालं की घरातल्या थोरल्यानं गावात एक धडधडीत खोटी बातमी सोडायची. गाव बोलायला लागलं की रांजण जागा होतो. बातमी मरणाची नको, चोरीची नको, कुणाच्या अब्रूची नको. ऐकणाऱ्याला हसू फुटावं इतकी अशक्य हवी. आणि नीळ सुधारेपर्यंत घरच्या कुणी ती खोटी म्हणून सांगायची नाही. सांगितलं, की रांजण कायमचा गेला.

"चातुर्मास आहे, भावजी," ती हळूच म्हणाली.

"नीळ काय पंचांग बघून बिघडतीय? दसऱ्याच्या पागोट्यांचं काम आहे डोक्यावर. मंडी मोहल्ल्याचा व्यापारी उद्या परवा माणूस पाठवेल. त्याला काय दाखवू, हे पाणी?" कृष्णाजींनी हात फडक्याला पुसला. "खोटं मी बोलणार. तू फक्त गप्प बसायचं. जेवताना रोज बसतीसच की."

"काय सांगणार?"

"तेच तर. आमच्या वडलांनी सांगितलं होतं, चामुंडीच्या डोंगरावरचा दगडी नंदी उठून तळ्यावर पाणी प्यायला आला म्हणून. अर्धी पेठ बघायला गेली होती!" कृष्णाजी हसले. "आता लोक शहाणे झालेत. कागद वाचतात." बोलता बोलता त्यांची नजर खुंटीवरच्या धाकट्या भावाच्या, गुरुरावांच्या बंडीवर गेली. बाह्या कोपरापर्यंत निळ्या झालेल्या. गुरुराव कापड घेऊन एच. डी. कोट्याच्या बाजाराला गेले होते. "गुरू प्रजाप्रतिनिधी सभेला उभा राहतोय, म्हणून सांगतो."

अनुसूयेला हसू आलं. आवरलं तरी आलं. दसऱ्यात म्हैसूरच्या दिवाणसाहेबांसमोर भरणारी ती सभा, जरीचे रुमाल बांधलेले जमीनदार आणि वकील, आणि त्यांच्यात खुर्चीच्या कडेवर टेकलेले आपले हे, निळे हात धोतरात लपवत. हसण्यात हातातली रांगोळी सांडली.

"बघ, तू पण हसलीस," कृष्णाजी समाधानानं म्हणाले. "म्हणजे बातमी चालेल."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पानावर बसली असताना मागच्या दारानं गोदावरीबाई आल्या. मागची गल्ली जुन्या शिलेदारांच्या घरांची. गोदावरीबाईंचे सासरे म्हैसूरच्या घोडदळात होते. आता दोन मुलगे, शंभूराव आणि सयाजीराव, दोन वाटण्या. धाकट्या सयाजीरावांच्या या बायको.

"अनुसूयाक्का, हे खरं काय?" त्या दारातच उभ्या राहिल्या. "आमचे थोरले दीर सकाळपासून ओरडत फिरायलेत. गुरुअण्णा उभे राहणार, आमची सगळी गल्ली त्यांनाच मतं देणार, म्हणून."

चातुर्मासात अनुसूयेचं मौनभोजन असे. पहिल्या घासापासून हात धुवेपर्यंत शब्द नाही, खूणही नाही. बोललं की पानावरून उठायचं, त्या दिवसाचं जेवण तिथंच संपलं. गोदावरीबाईंना हे ठाऊक होतं. पण त्यांना राहवेना.

"शंभूभावजींनी हित्तलात, मागच्या परसात, पाया खणलाय, अक्का. विहीर भिंतीच्या आत घेऊन टाकणार. मी पाण्याला कुठं जाऊ? गुरुअण्णा कोट्याहून येऊन बघून सांगतो म्हणालेत. हे पण हौदु, बरं म्हणाले, भावजी पण बरं म्हणाले. आता भावजी हसून म्हणतात, तुमच्या गुरुअण्णालाच माझी मतं लागणार, बघू कसा माझ्या उलट बोलतो." त्या एक पाऊल आत आल्या. "सुम्ने, उगाच उठलेली गोष्ट असली तर तेवढी मान हलवा. मी जाते."

अनुसूयेचा हात भातात तसाच राहिला. एक शब्द बोललं असतं तर काय झालं असतं? उपाशी उठावं लागलं असतं. उपासाचं तिला कधी भय नव्हतं. पण पलीकडं निळीच्या खोलीत कृष्णाजी खाकरले, आणि तिनं नजर पानाकडं वळवली.

"कळलं," गोदावरीबाई म्हणाल्या. कुंकवासाठी त्या थांबल्या नाहीत.

मौन हा देवाचा नेम. त्या दुपारी देवाच्या नेमाआड आपण लपलो, हे तिला पुढचा घास गिळतानाच कळलं.

*

बातमी ऐकून पेठेनं हसायला हवं होतं. पेठ हसली नाही. फुलवाली म्हणाली, हे आधीच व्हायला पाहिजे होतं. तेलाच्या दुकानावर कुणी म्हणालं, उभा राहिला तर असाच माणूस राहावा. प्लेगाच्या वर्षी सगळं गाव घरं सोडून माळावरच्या झोपड्यांत गेलं, तेव्हा गुरुराव एकटे मागं राहिले होते. साऱ्या गल्ल्यांच्या किल्ल्या त्यांच्यापाशी. ते गुरांना पाणी पाजत, तुळशींना पाणी घालत, बंद दारांच्या उंबऱ्यांवर दिवे लावत. लोक परतले तेव्हा कुणाच्या घरचा चमचा हलला नव्हता. तेव्हापासून भांडणं त्यांच्याकडं येऊ लागली. ते शिकलेले नव्हते, फार बोलतही नसत. दोन्हीकडचं ऐकायचे, जागेवर जाऊन बघायचे, आणि एक काय ते सांगायचे. हरलेलाही त्यांच्या घरी पाणी पिऊन जायचा.

ते कोट्याहून परतले ते असा उजळलेला चेहरा घेऊन, की अनुसूया पाय धुवायला पाणी द्यायचं विसरली. वेशीपासून लोकांनी गाडी अडवून अडवून त्यांना सांगितलं होतं.

"ऐकलंस काय? मला कुणी विचारलं पण नाही गं. सगळ्यांनी आपसात ठरवलं!"

निळीच्या खोलीतून कृष्णाजी बाहेर आले नाहीत.

मग घरात स्वस्थता म्हणून उरली नाही. गुरुरावांना एका जागी बसवेना. कट्ट्यावरून विहिरीशी, विहिरीवरून कट्ट्यावर. वाळत घातलेल्या पागोट्यांच्या रांगेसमोर उभे राहून ते कन्नडात बोलून बघत. "स्वामी, आमच्या गल्लीला नळ नाही. बायका रात्र संपायच्या आत घागरी घेऊन निघतात." बोलून झालं की स्वतःच मान हलवून पुन्हा पहिल्यापासून. अनुसूया निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत बसे. गोपद्माची ओळ वाकडी जाई, पुसून परत काढावी लागे.

"उभं राहूनच सांगावं लागतं," एकदा ते तिला म्हणाले. "इथं बसून कोण ऐकतंय? चांगली माणसं घरात बसतात, म्हणून तिथं दुसरे बसतात."

हे खोटं म्हणायला तिच्यापाशी काही नव्हतं.

अग्रहारातले प्राणेश वकील अर्जाचा कागद घेऊन रोज येऊ लागले. "गुरुराव, नोडी, बघा, तुमच्याविरुद्ध बोलणारा एक माणूस दाखवा मला. नाहीच! असा उमेदवार मी जन्मात पाहिला नाही. फक्त आता जरा सांभाळून. कुणाला दुखवायचं नाही, अल्वा, हो की नाही?" वकील गेले की गुरुराव चिंच घेऊन न्हाणीत बसत आणि हात घासत. नखांतली नीळ काही जाईना. कातडी मात्र लाल झाली.

तिसऱ्या की चौथ्या सकाळी कृष्णाजी निळीच्या खोलीतून हात वर करूनच बाहेर आले. "आली! फेस आला! तांब्यासारखा!" आता बातमी परत घ्यायला मोकळीक होती. ते तसेच अंगणात गेले. अंगणात शंभूराव मिशीला पीळ देत गुरुरावांच्या गळ्यात हार घालत होते. कृष्णाजींनी वर केलेले हात खाली घेतले. ते मागं फिरले.

"तू सांग त्याला," ते अनुसूयेला म्हणाले.

"मी? बातमी सोडली तुम्ही."

"सोडली मी. पण त्याच्या तोंडाकडं बघून परत घ्यायची छाती नाही गं माझी."

त्याच दिवशी दोघे भाऊ भिंतीचं भांडण घेऊन आले. शंभूराव खुर्चीवर बसले, सयाजीराव खांबाला टेकून उभे राहिले. माजघराच्या दाराआड अनुसूया उभी होती. नेहमीप्रमाणं गुरुराव आता उठतील, जोडे घालतील, चला बघू म्हणतील, असं तिला वाटलं.

"घाई काय आहे?" गुरुराव म्हणाले. "बघू की पुढं. सण होऊन जाऊ दे."

"तेच म्हणतो मी!" शंभूराव हसले.

अनुसूयेनं पुढं केलेला पाण्याचा तांब्या सयाजीरावांनी घेतला नाही.

*

पागोटी धुवायला अनुसूया आणि गुरुराव दोघं बैलगाडीनं कावेरीकाठच्या बेळगोळला गेली. नीळ वाहत्या पाण्यातच धुवावी लागते, नाहीतर डाग धरते. कावेरी संथ होती. वर कन्नंबाडीच्या धरणाच्या कामावरून सुरुंगाचा आवाज अधूनमधून येत होता, आणि प्रत्येक आवाजाला बैल कान टवकारत होते. गुरुराव गुडघाभर पाण्यात उभे राहून पागोटं सोडत, अनुसूया खालच्या अंगाला दुसरं टोक धरून पिळत होती. पाण्यात निळी रेघ लांबवर जाई आणि फिकट होत नाहीशी होई.

"अहो," ती म्हणाली. "एक सांगायचंय. रागवा हवं तर."

"सांग."

"तुम्ही कोट्याला गेलात तेव्हा रांजण बिघडला होता."

गुरुरावांनी पागोटं आपटलं. पुन्हा आपटलं.

"ठाऊक आहे," ते म्हणाले.

"भावजींनी सांगितलं?"

"रंगाऱ्याचा मुलगा आहे मी. पाय धुऊन आत आलो तेव्हाच वास आला. बाहेर बघतो तर माझ्या नावाची बातमी. दोन अधिक दोन करायला वकील लागतो काय?"

अनुसूयेच्या हातातलं टोक सुटलं. कापड वाहायला लागलं, ते त्यांनी वाकून पकडलं.

"मग बोलला का नाहीत?"

सुरुंग उडाला, त्याचा आवाज पाण्यावरून आला आणि गेला.

"वेशीवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीच हसलो. म्हटलं, चला, कुणीतरी गंमत केलीय. घरी आल्यावर कळलं, गंमत आपल्याच घरची. मग मी वाट बघितली. तेलवाला हसेल, फुलवाली हसेल. अगं, ज्यांच्या मुलांना इंग्रजी येतं ते हसतील. नीळ सुधारायला असलीच बातमी लागते ना, हसू येणारी? एक माणूस हसला नाही गं. एक पण नाही. कसं सोडायचं मग, सांग तू."

अनुसूयेला वाटलं, इथंच गप्प बसावं. नदी होती, धुणं होतं, कुणी काही विचारत नव्हतं. पण एकदा गप्प बसून झालं होतं.

"मी हसले होते," ती म्हणाली.

गुरुरावांनी मान वर केली.

"भावजींनी सांगितलं तेव्हा. तुम्ही त्या खुर्चीवर बसलेले डोळ्यापुढं आलात, आणि मी हसले. हातातली रांगोळी सांडली माझी." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज तसाच हळू राहिला. "तुम्ही लायक नाही म्हणून नव्हे. अंबाबाईची शपथ. तिथं बसलेले तुम्ही मला तुम्ही वाटलाच नाहीत. आणि परवा शंभूरावांना सण होऊ दे म्हणालात, तेव्हा पण नाही वाटलात."

"नळ येईल गं गल्लीला. माझ्या बोलण्यानं येईल."

"येईल. देवीनं मनात आणलं तर येईल. पण गोदावरीची विहीर आत्ता चाललीय."

"तिचं काय?"

"ती मला विचारायला आली होती. मी पानावर होते. मान सुद्धा हलवली नाही मी."

उरलेली पागोटी धुतली, पिळली, गाडीत भरली. परतीच्या वाटेवर गुरुराव गाडीत बसले नाहीत. बैलांच्या पुढं पुढं चालत राहिले, इतक्या भरभर की गाडी मागं पडे आणि त्यांना थांबावं लागे. थांबले की आपल्या हातांकडं बघत, आणि बघता बघता पुन्हा चालू लागत.

*

गाडी घरापाशी आली, तर ते घरात शिरले नाहीत. गाडीतली सुताची लांब दोरी घेतली, खुंट्या घेतल्या आणि सरळ मागच्या गल्लीत गेले. अनुसूया डोक्यावरचा पदर सावरत मागोमाग निघाली. इतक्या वर्षांत त्यांच्या निवाड्याच्या जागी ती कधी गेली नव्हती.

शंभूरावांच्या हित्तलात गवंडी पायाचे दगड बसवत होता. कट्ट्यावर प्राणेश वकील कॉफी पीत होते.

"या, या, उमेदवारसाहेब!" शंभूराव ओरडले.

"सयाजीरावांना बोलवा," गुरुराव म्हणाले. "भिंतीचं सांगून टाकतो."

वकिलांनी कप खाली ठेवला. "गुरुराव, बेडा, बेडा, आत्ता नको. मतं पडू देत. मग भिंत."

"मतं पडेस्तोवर भिंत पुरी होतीय, वकीलसाहेब."

"ही सगळी गल्ली यांच्या शब्दातली आहे. ही गेली की काय उरलं? मग मी हा कागद कशाला भरू?"

"नका भरू."

हे त्यांनी इतक्या साधेपणानं म्हटलं, की क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग वकिलांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि टांगेवाल्याला हाक मारली. जाताना ते गुरुरावांकडं बघत राहिले. चीड होती की दुसरं काही, कोण जाणे.

भिंतींवरून, दारांतून माणसं जमली. सयाजीराव आले, त्यांच्या मागं गोदावरीबाई. दोघा भावांच्या वडलांनी वाटणीच्या वेळी पुरलेला हद्दीचा दगड गुरुरावांनी पाया खणलेल्या मातीतून शोधून काढला. तो मुद्दाम झाकला होता. त्या दगडापासून सरळ रेघ काढली तर ती विहिरीच्या मधोमध जात होती.

"विहीर दोघांची," गुरुराव म्हणाले. "भिंत काठापाशी थांबेल, पलीकडून पुन्हा सुरू होईल. हा पाया बुजवायचा."

"बुजवायचा?" शंभूरावांचा चेहरा लाल झाला. "हार कुणी घातला तुला? परवाचा हार अजून वाळला नाही! वकिलाचं ऐकून गप्प बसला असतास तर दसऱ्याला खुर्चीवर असतास. निळ्या हाताचा रंगारी तो रंगारीच! आता गल्लीतलं एक मत मिळतंय का बघ. आणि पेठेत मी सांगणार, भिऊन मागं सरला म्हणून."

"बरं," गुरुराव म्हणाले आणि दगडापाशी खुंटी ठोकू लागले. दोरी बांधली. "दुसरं टोक कुणीतरी धरा. दोन्ही घरांच्या बाहेरचं कुणीतरी."

कुणी पुढं आलं नाही. एरवी अशा वेळी चार हात येत. गल्लीतली माणसं शंभूरावांकडं बघत होती. एकजण घरात निघून गेला. काल गुरुअण्णा म्हणून हाका मारणारे आज पायांकडं बघत होते. गुरुराव खुंटीपाशी उकिडवे बसून राहिले, दोरीचं मोकळं टोक मातीत पडलेलं.

अनुसूयेनं पदर खोचला. सगळ्या पुरुषांमधून ती पुढं गेली, वाकून टोक उचललं आणि विहिरीच्या पलीकडं जाऊन उभी राहिली.

"ताठ धर," गुरुराव म्हणाले.

तिनं दोरीचा एक वेढा हाताला घेतला आणि ओढली. पलीकडून गुरुरावांनीही ओढली. ओलं सूत तळहातात रुतलं. तिच्या बाजूची खुंटी पुरती ठोकून होईपर्यंत तिनं ते सैल सोडलं नाही.